हौदाशी कोण होतं

ही गेल्यावर सव्विसाव्या दिवशी मी तिच्या माहेरी गेलो. पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल आणि अकरा पानं होती. पानांवरचं अक्षर माझं, शब्द हिचे. शेवटच्या महिन्यात हिला पेन धरवत नव्हतं. ती सांगायची, मी लिहायचो. लिहून झाल्यावर म्हणाली, "हे वहिनीला वाचून दाखवा. टपालाने पाठवू नका. तिला वाचता येत नाही, भलतंच कुणीतरी वाचेल."

मी चौतीस वर्षं कचेरीत नकला करणारा कारकून होतो. समोरच्या कागदावर जे असेल ते दुसऱ्या कागदावर उतरवायचं, पदरचा शब्द घालायचा नाही. घरी येऊन हिच्या कादंबऱ्यांच्या नकला करायचो. तिचं अक्षर छापखान्याला लागत नसे. चार कादंबऱ्या झाल्या. चारही तिच्या माहेरच्या, चुन्याच्या भट्टीच्या. आमच्या दोन खोल्यांवर तिने कधी एक ओळ लिहिली नाही. एकदा मी तसं बोललो तर म्हणाली, "इथे काय घडतं हो? तुम्ही जेवता आणि नकला करता."

तिचं नाव झालं ते पहिल्या कादंबरीने. तिच्यात भट्टीवरच्या घरातली सहा वर्षांची मुलगी चुना विरवायच्या हौदात पडते आणि तिसऱ्या दिवशी मरते. हौदाशी तेव्हा घरातली नवी सून असते. ती दुसऱ्यांना कामं सांगून लांब पाठवते, आणि पुढच्याच ओळीत तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झालेले असतात. तिने मुलीला ढकललं असं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. मी तीन वेळा नक्कल केली आहे, मला ठाऊक आहे. पण वाचणारा काय समजायचं ते समजतो.

मुलगी खरी होती. हिची धाकटी बहीण. सूनही खरी होती. ती वहिनी.

भट्टी घरामागे आहे. दगडी, दोन पुरुष उंच, खाली तोंड आणि वर उघडी. दादा तोंडाशी उकिडवे बसून लोखंडी आकड्याने आतला चुना ओढत होते. तोंडाला फडकं होतं, फक्त डोळे दिसत होते, लाल. दादा म्हणजे हिचा थोरला भाऊ. हिला पोचवायला आले होते आणि त्याच संध्याकाळी परत गेले होते, कारण भट्टी पेटलेली होती. वहिनी आल्याच नाहीत. विस्तवाशी कुणीतरी थांबायला हवं होतं.

"या पाहुणे," दादा म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी मला दुसरी हाक मारली नाही. "बहीण गेली आणि मेहुणा राबायला आला. बरा सौदा आहे."

"बायका कुठे आहेत?" मी विचारलं. भट्टी काढायला दर वर्षी सात-आठ बायका असत.

"वीटभट्टीवर गेल्या."

"सगळ्या?"

दादा खोकायला लागले. घमेलं घेऊन येणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "माझ्यामुळे गेल्या. वन्संवर पेपरात आलं ना, ते शिंप्याने दुकानात वाचलं. मग पुस्तकही परत काढलं. आता बायका म्हणतात, तान्ही मुलं सावलीला ठेवून आम्ही घमेली वाहायची आणि तिथे ती असणार. नको बाई."

हे त्या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं बोलल्या. घमेलं खोपीजवळच्या हौदाच्या काठाशी रिकामं केलं आणि परत आल्या.

अडचण अशी होती. भाजलेला दगड, म्हणजे कळी, भट्टीत राहू देता येत नाही. ती हवेतली ओल पिते, फुगते आणि भट्टीची भिंत फोडते. काढून लगेच हौदात विरवावी लागते. पश्चिमेला ढग जमायला लागले होते आणि हवा चिकट झाली होती. आठ बायकांचं काम दोन म्हाताऱ्यांवर आलं होतं. मी सदरा काढला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "तसे हात घालू नका."

तेलाची वाटी आणून त्या माझ्यासमोर बसल्या. चुन्यावर काम करायच्या आधी हातापायांना तेल लावतात, नाहीतर घाम आला की कातडी भाजते. वहिनींच्या उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटलेली आहेत. दोन्ही हातांची कातडी कोपरापर्यंत गुळगुळीत, चकचकीत, तिच्यावर एक केस नाही. त्यांनी तळव्याच्या मनगटाजवळच्या भागाने माझ्या हातांना तेल चोळलं, नखांच्या कडेने, बोटांच्या बेचक्यांत.

"काय हात आहेत," त्या म्हणाल्या. "माझ्या उशीचा अभ्रा याच्यापेक्षा राठ असेल."

मग दादांना लावलं. दादा दुसरीकडे बघत हात पुढे करून उभे राहिले. स्वतःसाठी वहिनींनी खुंटीला तेलात भिजवलेलं एक जाड फडकं टांगलं होतं. गाय खांबाला अंग घासते तसे त्या त्यावर हात घासत. चिकटलेल्या बोटांनी त्यांना स्वतःच्या हाताला नीट तेल लावता येत नसे.

दिवसभर आम्ही कळी काढली. दादा आकड्याने ओढायचे, मी फावड्याने घमेलं भरायचो, वहिनी डोक्यावरून नेऊन हौदाच्या काठाशी टाकायच्या. नीट भाजलेला दगड हलका असतो, एकावर एक आपटला की खणखणतो. कच्चा असेल तर बद्द वाजतो. हे मला हिच्या कादंबरीतून माहीत होतं. हिला वहिनींनी सांगितलं होतं. दर वर्षी पंधरा दिवस ही माहेरी यायची, वही घेऊन खोपीच्या सावलीत बसायची आणि वहिनी घमेली वाहता वाहता तिला सांगायच्या, याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. पुस्तक आल्यानंतरही सांगत राहिल्या.

हौदाशी मात्र वहिनी थांबत नसत. कळी पाण्यात पडली की हौद उकळायला लागतो, फुटतो, वाफ मारतो. दांड्याने ढवळत कुणीतरी तो निवेपर्यंत तिथे बसावंच लागतं. ते काम दादांचं. वहिनी घमेलं काठाशी ठेवायच्या आणि मागे व्हायच्या. अडतीस वर्षं हेच चाललं होतं. दादांनी त्यांना कधी "बस" म्हटलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

दादा झोपायचेही भट्टीच्या ओट्यावर. धाकटी गेल्यापासून. घरात आत एकच अंथरूण पडायचं. त्यांना मूल झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडून चूक झाली. हात चिकट झाले, आग व्हायला लागली, म्हणून मी बादलीत बुडवले. नखांच्या मुळांशी कुणी तापलेल्या सुया घालाव्यात तसं झालं. मी ओरडलो. वहिनी घमेलं टाकून धावल्या, माझे हात बादलीतून ओढले, पदराने कोरडे पुसले, आणि मला मानेला धरून विहिरीच्या पाटाशी नेऊन हात वाहत्या पाण्यात धरले. बराच वेळ सोडले नाहीत.

"थोड्या पाण्याने तो पेटतो," त्या म्हणाल्या. "एक तर कोरडं पुसायचं, नाहीतर वाहतं पाणी सोडायचं. चार-चार पुस्तकं उतरवून काढलीत, एवढं नव्हतं का त्यांत?"

"होतं," मी म्हणालो. "उतरवताना अर्थाकडे लक्ष नसतं."

त्या हसल्या. मी आल्यापासून पहिल्यांदाच. दादा गाडीवान बघायला बाहेर गेले होते. मी म्हणालो, "वहिनी, हिने तुमच्यासाठी काही सांगून ठेवलंय. वाचू?"

"हात पुसा आधी. कागद भिजेल."

खोपीच्या सावलीत बसून मी अकरा पानं वाचली. त्यांत होतं ते असं. ही तेव्हा सोळा वर्षांची होती. आठ दिवसांनी शहरात शिकायला जाणार होती. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिला सांगितलं होतं, हौद निवेपर्यंत इथून हलू नकोस, धाकटीला जवळ येऊ देऊ नकोस. ती पुस्तक घेऊन खोपीच्या भिंतीमागे जाऊन बसली, कारण हौदाशी वाफ डोळ्यांत जात होती. धाकटीची चप्पल हौदात पडली. ती काढायला धाकटी वाकली. वहिनी लांब होत्या, वाळत घातलेली पोती उचलत होत्या. त्या धावत आल्या आणि दोन्ही हात आत घातले. ही भिंतीमागून आली तेव्हा धाकटी बाहेर होती. पुस्तक तिथेच उपडं राहिलं. मग बाबा आणि दादा आले. बाबांनी विचारलं, "हौदाशी कोण होतं?" ही तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "मी."

शेवटची ओळ होती: 'हौदाशी मी होते. वहिनी नव्हती.'

वाचून झालं. वहिनी जमिनीवर पडलेला एक खडा उचलून दुसऱ्यावर वाजवत होत्या.

"चप्पल नव्हती," त्या म्हणाल्या. "पत्र्याचा डबा होता. तिची भातुकली. बाकी बरोबर आहे."

"तुम्ही तसं का म्हणालात?"

"नवी होते मी. लग्नाला चार महिने झाले होते. वाटलं, वन्संचं शिक्षण बंद करतील. मला काय, फार तर माहेरी पाठवतील. बरंच होईल." त्यांनी खडा टाकला. "नाही पाठवलं."

मग म्हणाल्या, "पण पुस्तकात का लिहिलं तसं? मी बाबांना सांगितलं होतं. सगळ्या दुनियेला सांग असं नव्हतं म्हटलं."

हे मीही हिला विचारलं होतं. तिने दिलेलं उत्तर मी सांगितलं. पहिल्यांदा तिने 'मी' असंच लिहिलं होतं. ते तिला वाचवेना. मग तिथे सून घातली, आणि मग ते सरळ लिहीत गेली. हे उत्तर खरं आहे, कारण पहिल्या बाडाची नक्कल मीच केली होती. त्यात भिंतीमागे पुस्तक वाचणारी मुलगी होती. दुसऱ्या बाडात ती नव्हती. मला फरक दिसला होता. मी वहिनींचे हात पाहिले होते, तरी विचारलं नाही. नकला करणाऱ्याने विचारायचं नसतं. जुनी बाडं पुढे घर बदलताना मी रद्दीत घातली. हेही मी वहिनींना सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठल्या.

"शिंप्याच्या दुकानात वाचा हे," त्या म्हणाल्या. "पुस्तक जिथे वाचलं तिथे. मोठ्याने. उद्या बायका विटांवरून येतात तेव्हा."

"आधी दादांना सांगू?"

"नको. तिथे आले तर ऐकतील."

तिसऱ्या दिवशी आम्ही लवकर थांबलो. दादांना मी म्हणालो, शिंप्याकडे हिचे शेवटचे कागद वाचणार आहे, या. दादा म्हणाले, "मला आकड्याचा दांडा बसवून घ्यायचाय, सुताराकडे जायचंय." सुताराचं दुकान शिंप्याला लागूनच आहे.

शिंप्याच्या दुकानात दोन मशीनं, एक लांब बाक आणि भिंतीला आरसा. आरशाच्या वर चौकटीत हिचं पत्र लावलेलं. पुस्तक वाचून शिंप्याने तिला लिहिलं होतं, तिने चार ओळींचं उत्तर पाठवलं होतं. तिच्या हातचं अक्षर.

विटांवरच्या बायका आल्या. त्यांची म्होरकी जी बाई, तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती झोपेतही बोलते. तिच्या कडेवर नातू होता. वहिनी दाराबाहेर पायरीशी उभ्या राहिल्या. रेडिओने नातू दुसऱ्या कडेवर घेतला.

"बाईंचं शेवटचं लिखाण!" शिंपी म्हणाला. त्याने मशीन थांबवलं, गळ्यातली टेप काढून ठेवली. "वाचा साहेब. नाहीतर द्या, मी वाचतो. माझा आवाज लागतो."

"मीच वाचतो," मी म्हणालो.

वाचायला वीस मिनिटं लागली. मध्ये कुणी बोललं नाही. रेडिओसुद्धा नाही. 'वहिनी नव्हती' म्हणून मी कागद खाली ठेवले.

पहिल्यांदा शिंपी बोलला. "यात काही रस नाही हो."

"रस कसला?"

"म्हणजे बघा, बाईंची भाषा कशी. त्या सुनेचे हात पांढरे होतात तिथे माझ्या अंगावर काटा येतो, अजून येतो. आणि हे म्हणजे पोलिसांचा पंचनामा. अमुक इथे होते, तमुक तिथे होते." त्याने हात पुढे केला. "बघू."

मी पानं दिली. त्याने चष्मा लावला, पानं आरशाजवळ नेली आणि वर पत्राकडे पाहिलं. एकदा, दोनदा.

"हे अक्षर बाईंचं नाही."

"तिने सांगितलं, मी लिहिलं. तिला पेन धरवत नव्हतं."

"असं होय," शिंपी म्हणाला. आवाज मऊ झाला, आणि मला कळलं की तो माझी कीव करतोय. "साहेब, राग मानू नका. मागे राहिलेला माणूस घरातलं सगळं नीट लावायला बघतो. माझे वडील गेले तेव्हा मी पण असंच..."

"मी चौतीस वर्षं नकला केल्यात," मी म्हणालो. "एक शब्द कधी पदरचा घातला नाही."

"सही आहे का यांवर?"

सही नव्हती. ती मला सुचली नव्हती. कचेरीत खऱ्या नकलेखाली सही घेतल्याशिवाय मी कागद पुढे सरकवला नाही कधी, आणि इथे विसरलो.

"पाहुण्यांनी लिहिलं तर बिघडलं काय?" रेडिओ म्हणाली. "वहिनी यांना जेवायला घालते, तेल चोळून देते म्हणे. एवढं तरी लिहायला नको?"

बायका हसल्या. मग रेडिओच दाराकडे वळून म्हणाली, "तू बोल ना गं. तू तर तिथेच होतीस. तूच सांग, कोण होतं हौदाशी?"

वहिनी पायरीवरून म्हणाल्या, "ती होती."

"मग तेव्हा 'मी' का म्हणालीस?"

वहिनींनी हात पदराखाली घेतले. रेडिओने बाकीच्यांकडे पाहून खांदे उडवले. "मेलेल्या माणसावर घालायला सोपं असतं," ती म्हणाली. नातू रडायला लागला. तिने त्याला थोपटलं आणि त्या सगळ्या निघाल्या. पायरीशी वहिनींना वाट द्यावी लागली. प्रत्येक बाई मुलाचं डोकं पदराने झाकून गेली.

शिंप्याने पानं नीट जुळवून मला परत दिली. "जपून ठेवा," तो म्हणाला.

बाहेर सुताराच्या दाराशी दादा उभे होते. हातात नवा दांडा बसवलेला आकडा. किती वेळ उभे होते ठाऊक नाही. सुताराचा रंधा बंद होता, म्हणजे त्यानेही ऐकलं असणार. दादांनी आमच्याकडे पाहिलं नाही. आकडा खांद्यावर टाकून पुढे चालायला लागले. वहिनी त्यांच्या मागे आणि वहिनींच्या मागे मी, असे आम्ही घरी आलो. जेवणं झाली. दादा ओट्यावर झोपायला गेले.

चौथ्या दिवशी सकाळी ढग खाली आले होते. भट्टीत निम्मी कळी होती. मी कडेच्या भिंतीला हात लावून पाहिला, एका जागी केसाएवढी फट दिसत होती.

वहिनींनी वाटी आणली. मला तेल लावलं. मग दादांसमोर गेल्या. दादांनी हात पुढे केले नाहीत. त्यांनी वाटी वहिनींच्या हातातून घेतली आणि जमिनीवर बसले.

"बस," ते म्हणाले.

वहिनी उभ्याच राहिल्या.

"बस म्हणतो ना."

त्या बसल्या. दादांनी त्यांचा उजवा हात ओढून गुडघ्यावर घेतला आणि तेल लावायला लागले. त्यांना येत नव्हतं. तेल मनगटावरून ओघळून मातीत पडत होतं. चिकटलेल्या बोटांपाशी ते अडले, मग पंजावरून वर गेले. कोपराशी, जिथे गुळगुळीत कातडी संपून साधी सुरू होते, तिथे त्यांचा हात थांबला.

"इथपर्यंत?"

"हौद तेवढाच खोल आहे," वहिनी म्हणाल्या.

दादा खाली बघत म्हणाले, "ते पुस्तक मला सापडलं होतं. दुसऱ्या दिवशी. भिंतीमागे, उपडं. मीच उचलून तिच्या ट्रंकेत ठेवलं."

मी फावडं हातात घेऊन उभा होतो, ते खाली ठेवावं की काय हे मला कळेना.

"दुसरा हात," दादा म्हणाले.

वहिनींनी हात दिला नाही. गुडघ्यावर भार देऊन त्या उठल्या.

"तो माझा मी लावते. दोन्ही लावून दिलेत तर सवय लागेल."

खुंटीशी जाऊन त्यांनी डावा हात फडक्यावर घासला, वर, खाली, नेहमीसारखा. दादांच्या तळव्यात तेल राहिलं होतं. ते कुठे पुसावं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी ते स्वतःच्या डोक्याला चोळलं आणि तोंडाला फडकं बांधलं.

पहिली आठ घमेली झाली. हौद भरायची वेळ झाली. दादांनी ढवळायचा दांडा उचलला, हौदापर्यंत गेले आणि तिथे थांबले. आमच्याकडे पाठ होती.

"हौदाशी कोण बसतंय?" त्यांनी विचारलं.

वहिनी डोक्यावरचं घमेलं उतरवत होत्या.

"मी," त्या म्हणाल्या.

दादांनी दांडा त्यांच्या हातात दिला आणि ते भट्टीच्या तोंडाशी जाऊन बसले. मी कळी हौदात लोटली. पाणी फुटायला लागलं, वाफ उठली आणि वहिनी तिच्यात दिसेनाशा झाल्या. फक्त दांडा हौदाच्या दगडाला घासल्याचा आवाज येत होता. मी रिकामं घमेलं घेऊन वळलो.